सासूबाईंचं सगळं सुनेनं करायचं, मग कायद्यात सून कुठाय?

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याकडची. काजूच्या कारखान्यात जायचे, दोन वर्षांमागे सासूबाईंना लकवा मारला तेव्हापासून घरीच आहे. मिस्टर मुंबईला, दीर विरारला, नणंद डोंबिवलीत. सगळे चतुर्थीला येतात आणि नणंद म्हणते, वहिनी, आई किती वाळली गं. परवा एकजण घरोघर माहिती लिहायला आला, मी काय काम करते विचारलं तर मिस्टर फोनवरून म्हणाले, काही नाही, ती घरीच असते. लाडकी बहीणचे दीड हजार येतात तो माझा पगार समजायचा का? या कामाचं सरकार काही देतं का?

उत्तर: पगार कसला हो! जुलै 2024 पासूनची ती योजना, वय 21 ते 65 आणि घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असल्या अटी बघतात, घरी अंथरुणाला कोण आहे नि तुम्ही किती राबता याला त्या फॉर्ममधे रकानाच नाही. तरी पगार धरून हिशोब करूया. केंद्राच्या 2024 च्या वेळवापर सर्वेत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषांचे 88, तेही जे पुरुष काहीतरी करतात त्यांचेच, आणि आधीच्या 2019 च्या सर्वेत असे पुरुष शंभरात 26 च निघाले होते. दीड हजार म्हणजे दिवसाला 50 रुपये, तासाला दहाच्या आसपास. आणि यात सासूबाईंना भरवणं, कूस बदलणं धरलेलंच नाही, ते सर्वेत वेगळ्या खात्यात मोजतात.

मिस्टरांवर फार चिडू नका, सरकारी कागद पण तेच बोलत होते. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्याच गटात, काम न करणारे म्हणून टाकलं होतं, आणि 2010 मधे अपघात भरपाईच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावरून झापलं. मग जानेवारी 2021 मधे तशाच खटल्यात परत सांगितलं की गृहिणीचं अंदाजे उत्पन्न धरायलाच हवं. म्हणजे बाई गाडीखाली गेली की तिच्या कामाची किंमत निघते, जिवंतपणी नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या आंतरराष्ट्रीय नियमात तर अजून गंमत आहे, विहिरीवरून कळशी भरून आणलीत तर ते उत्पादन, त्याच पाण्याने सासूबाईंना आंघोळ घातलीत की ते हिशोबाबाहेर!

मला विचाराल तर पैसे मिळतायत ते सोडू नका, पण नुसत्या पैशाच्या मागे लागलात तर बाकीचे मोकळे सुटतात, तुला सरकार देतंय ना मग कर की तूच, असं होतं. तुमचे तास कमी कसे होतील ते मागा. आणि आता एक गोष्ट नीट वाचा आणि मिस्टरांना पण वाचून दाखवा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकलीय, तिथे मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाहीच! विरार आणि डोंबिवली दोन्ही त्यात येतात, खाणंपिणं, कपडा, राहणं, औषधपाणी सगळं धरून. अर्ज सासूबाईंनी करायचा असतो, त्यांना जमत नसेल तर त्यांनी नेमलेला माणूस करू शकतो, आणि मी काही त्यासाठी प्रांताकडे जा म्हणत नाही, पण यंदा चतुर्थीला आरती झाल्यावर सगळे बसलेले असताना कोण किती दिवस येऊन राहणार आणि दुपारपुरती बाई ठेवली तर तिचे पैसे कोण देणार हे लिहून घ्या. आई वाळली म्हणणाऱ्या नणंदेपासून सुरुवात करा.

दुसरं, सासूबाईंचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? ओरसला जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, त्यात 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व धरलं तर सवलती मिळतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर आणि 10 टक्के महिला बालकल्याणावर खर्च करावे लागतात. तो 10 टक्क्यांचा पैसा बऱ्याच ठिकाणी कुठल्यातरी शिबिरात नि वाटपात संपतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे जा, आणि शिलाई मशीन नको, आजारी माणसाजवळ दुपारी चार तास बसणारी बाई द्या, असं ठरावात घाला. तुमच्यासारख्या चारजणी वाडीत सापडतीलच, चाकरमान्यांचं गाव आहे, म्हातारी माणसं सगळी तुमच्याच भरवशावर.

प्रश्न: मी रत्नागिरीत खाजगी कंपनीत आहे. बायकोची डिलिव्हरी झाली म्हणून आठ दिवस सुट्टी मागितली तर साहेब हसले. बापाला रजा नसते का?

उत्तर: केंद्र सरकारच्या नोकरीत असता तर 15 दिवस मिळाले असते, खाजगीत कायद्याने शून्य. आईला 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे आहेत, पण तो पगार बहुतेक ठिकाणी मालकाच्या खिशातून जातो, मग मालक बाईला कामावर घेतानाच दहादा विचार करतो, आणि बापाला काहीच नसल्याने तुमच्याबद्दल तो विचार कोणी करत नाही. त्याच दुरुस्तीत 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं असं आहे, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आहे ती पण आईलाच. तुम्ही कंपनीत आहे का पाळणाघर ते विचारा, आणि सध्या हक्काची रजा टाका, कारण लिहायला लाजू नका.