सुपारीच्या बागेत जाळ्यात पक्षी धरलेला एवढा मोठा काळा-पिवळा कोळी कुठला?

तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे सावंतवाडीजवळ दोन सुपारींच्या मधे मोठं पिवळसर जाळं, मधोमध तळहाताएवढा काळा कोळी आणि जाळ्यात एक चिमुकला पक्षी अडकलेला, त्यावरून हा नेफिला पिलिपेस असणार, इंग्रजीत जायंट वूड स्पायडर म्हणतात तो. शेजाऱ्यांनी सांगितलेला गोलियाथ बर्डईटर नाही, तो दक्षिण अमेरिकेत सुरिनाम, गयाना, व्हेनेझुएला त्या बाजूला जमिनीतल्या बिळात राहतो, केसाळ असतो, आणि पक्षी तर क्वचितच खातो, त्याचं जेवण जास्त करून गांडुळं, किडे, बेडूक असलंच.

ओळखायला आकाराच्या मागे लागू नका, जाळं बघा. आपल्याकडे सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे टॅरँट्युला, म्हणजे जाडजूड केसाळ कोळी, आहेत पण ते असं गोल जाळं हवेत बांधत नाहीत. नेफिलाचं जाळं मीटरभर सहज असतं, उन्हात धागा सोनेरी दिसतो, आणि कोळीण बसते ती डोकं खाली करून, जाळ्याच्या वरच्या भागात. पाय लांब काळे, सांध्यांजवळ पिवळं, पोटावर पिवळ्या रेघा. हो, कोळीणच, कारण नर जेमतेम ५-६ मिलिमीटरचा, त्याच जाळ्यात कडेला बसलेला असतो आणि लोकांना ते पिल्लू वाटतं. धागा चिवट एवढा की आंबोलीच्या पायवाटेवर तोंडावर आला तर आधी ताणला जातो, मग तुटतो.

आता पक्ष्याचं. ती काय पक्ष्यांच्या मागे फिरत नाही हो, जाळं किड्यांसाठीच असतं, पण फुलटोच्या, शिंजीर असले ५-१० ग्रॅमचे पक्षी फुलांच्या नादात वेगात घुसतात आणि पंख चिकटतात. मग कधी ती खाते, कधी नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधे एका सोनेरी जाळंवाल्या कोळिणीने मुनियाच्या जातीतला पक्षी धरल्याचे फोटो जगभर फिरले होते, त्यामुळे तुम्ही जे पाहिलं ते अशक्य वगैरे अजिबात नाही, फक्त रोज दिसणारं नाही.

पोरांची काळजी विचारलीत, तर विष माणसाला सौम्य आहे, ती स्वतःहून अंगावर येत नाही, हातात दाबली तरच चावेल आणि दुखेल. केरसुणीने झोडपू नका प्लीज. पावसाळ्यानंतर मातीत खड्डा करून अंडी घालते आणि काही दिवसांनी आपोआप मरते. वाटेवरच असेल तर लांब काठीने जाळ्याची एक बाजू सोडवा, ती दुसरीकडे बांधेल.

पक्षी अजून हलत असेल तर काठीने धागे तोडून खाली घ्या, पिसांवरचा चिकटा बोटांनी हळूच चोळून काढा, पंख ओढू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अर्धा तास अंधारात ठेवा, मग सोडा. पाणी चोचीत ओतू नका. आणि पुढच्या वेळी फोटो काढलात तर पाठीकडून आणि पोटाकडून असे दोन्ही टाका, एकाच फोटोवरून जात सांगायला त्रास होतो.