मांडी पुढून दणकट, मागून कच्ची

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. वर्षभरात ताडमाड वाढला. सर म्हणतात, मांडी पुढून दणकट आहे, मागून कच्ची. हे कसं तपासायचं? – एक पालक, परभणी

उत्तर : वयात येताना ताकद झपाट्यानं वाढते. त्यात रोज किक मारून मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, आणखी तयार होतो, मागचा हॅमस्ट्रिंग रेंगाळतो. क्वाड्रिसेप्स नडगी पुढे ओढतो, हॅमस्ट्रिंग तिला मागे धरतो. हा लगाम ढिला असला की एकदम थांबताना, वळताना गुडघ्याच्या आतल्या एसीएल या अस्थिबंधावर ताण येतो.

मोठ्या केंद्रांत यंत्रावर दोन्हींची ताकद मोजतात. गुडघा सेकंदाला 60 अंश वेगानं हलवताना मागचा पुढच्याच्या साधारण 60 टक्के असावा, असं धरतात. वेग वाढवला की प्रमाणही वाढतं, म्हणून वेग न लिहिलेला रिपोर्ट बिनकामाचा. आणि 60 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे.

घरी तपासायला पाठीवर झोपवा. एक टाच साधारण 60 सेंटिमीटर उंच बाकावर, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय वर. टाच दाबून कंबर उचलायची, खाली टेकवायची. मोठ्या खेळाडूंत 20 वेळांच्या आत दम संपला तर कच्चं, 30 च्या वर चांगलं. मुलाच्या बाबतीत आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघा.

व्यायाम म्हणाल तर नॉर्डिक. घडी घातलेल्या सतरंजीवर गुडघे टेकायचे, जोडीदारानं दोन्ही घोटे घट्ट दाबायचे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सावरेना झालं की हात टेकायचे आणि हातांनीच रेटा देऊन वर यायचं. सुरुवातीला 3 ते 5 वेळा, आठवड्यातून दोनदा, पुरे. बहुतेक पोरं कमरेत वाकतात. तसं केलं की मांडीवरचा भारच निघून जातो. जोडीदार पोटरीवर बसला तरी चुकलंच. पहिल्या आठवड्यांत मांड्या भरून येतात, तेव्हा मॅचच्या आदल्या दिवशी नको.

वाटीखालच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल तर गुडघे टेकवूच नका, बाकावरचाच व्यायाम द्या. वाढीच्या वयात तिथलं दुखणं बरंच आढळतं, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय 36. दर रविवारी खेळतो, पण मांडीचा मागचा स्नायू सारखा धरतो. वयामुळेच का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : वयाचा वाटा आहे, पण जुनी दुखापत त्याहून नडते. शिवाय आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम सुसाट पळायचं, हे मांडीला कसं झेपावं? आठवड्यात एक दिवस तरी टप्प्याटप्प्यानं वेग वाढवत पळा, दोनदा नॉर्डिक करा. मॅचआधी फिफाचा ‘11+’ वॉर्मअप घ्या. वीसेक मिनिटं लागतात, नॉर्डिकही त्यात आहेच. उन्हाळ्यात काळ्या मातीचं मैदान दगडासारखं होतं, तेव्हा लांब खिळ्यांचे बूट टाळा. पुन्हा स्नायू धरला, तर पूर्ण वेगानं पळताना अजिबात दुखेनासं होईस्तोवर मैदानाबाहेरच राहा.