७८ वर्षांच्या आजीचा गुडघा बदलावा का?
आजींना शुगर आहे, चोपड्याजवळ गावी राहतात, गुडघा बदलावा का, असं विचारलंय. नुसत्या वयाला घाबरू नका. माझ्या आईचं ऑपरेशन ७४व्या वर्षी झालं, शुगर तिलाही होती. आधी हे बघा: दुखण्यानं रात्री झोपमोड होते का? गोळ्या-व्यायाम करूनही ओट्यावरून अंगणात उतरता येत नाही का? फक्त एक्स-रे खराब दिसतो म्हणून करू नका. शुगर आटोक्यात हवी, नाहीतर जखमेत जंतुसंसर्गाची भीती. हृदय तपासा, आणि जंतुसंसर्गाच्याच भीतीनं किडलेले दातही आधीच दाखवा.

खरी कसोटी नंतरची. आईला ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. पुढचा दीड महिना गुडघा वाकवताना आई उशीचा कोपरा दातात धरायची, पण व्यायाम चुकवला नाही. तो रोज करून घेणारं माणूस घरात आहे का? घरी कमोड बसवा. चुलीपुढे खाली बसून कळण्याची भाकरी थापणं मात्र सुटतं. हे आजींना स्पष्ट सांगा, निर्णय त्यांनाच घेऊ द्या. जमलं तर दिवाळीनंतर करा, आपल्याकडच्या मे महिन्यात पट्टी नि घामानं फार हाल होतात. आणि हो, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात ती रक्कम वेगळी लिहून मागा.