रामप्रहर म्हणजे नक्की किती वाजता? ग्रुपवर 'शुभ रामप्रहर' लिहिलं तर चालेल का?

नका लिहू, एवढीच विनंती. 'शुभ सकाळ' हेच मुळात गुड मॉर्निंगला नेसवलेलं लुगडं आहे, त्यात आता रामप्रहराला ओढू नका. रामाचं नाव असल्यावर वर आणखी शुभ कशाला?

हा शब्द शुभेच्छांचा नाहीच, तो घरात दटावताना निघतो. "रामप्रहरी काय अभद्र बोलतोस!" "रामपारी कुणाचं तोंड बघितलं कुणास ठाऊक!" वेळ पवित्र, म्हणून तेव्हा भांडायचं नाही, रडायचं नाही, दारात आलेल्या वासुदेवाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. आमची आजी तर रामपारी पैशाचा विषयही काढू द्यायची नाही.

मी आठवीत गावाकडून शहरातल्या शाळेत आलो. निबंधात लिहिलं, 'रामपारी आई अंगणात सडा घालते.' सरांनी 'रामपारी'भोवती तांबडं वर्तुळ काढलं, शेजारी लिहिलं 'ग्राम्य', अर्धा गुण कापला. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढं वर्षभर माझं नाव 'रामपारी'. घरी आजीशीही मी शहरी बोलायला लागलो, याची लाज आज जास्त वाटते.

कॉलेजात गेल्यावर कळलं, की 'पार' म्हणजे प्रहरच. तीन तासांचा एक, दिवसाचे चार, रात्रीचे चार. सूर्य उगवल्यापासून दोन प्रहर झाले की द्विप्रहर, म्हणजेच दुपार. मग सर स्वतः रोज दुपारी डबा खायचे तो कसा चालायचा? प्रहराचा पार तिथंही झालाय, पण दुपार शुद्ध आणि रामपार गावंढळ! परवा एका लग्नात सर भेटले. पाया पडलो आणि हे विचारलंच. म्हणाले, "अरे, ते वेगळं." कसं वेगळं, ते सांगेपर्यंत पंगत बसली.

बरं, तुमचं 'किती वाजता'. हिशोबानं दिवसाचा पहिला प्रहर सहा ते नऊ. पण आठ वाजता कुणी रामपार म्हटलं असतं तर आजी हसली असती. तिचा रामप्रहर तांबडं फुटल्यापासून ऊन अंगणात उतरेपर्यंत. त्याआधीचं अंधूक ते झुंजूमुंजू. 'सकाळच्या पारी' मात्र सैल आहे, त्यात न्याहारीसुद्धा बसते. हे आमच्या घरचं माप. तुमच्याकडे वेगळं असेल तर तेच धरा, उगाच माझं ऐकून आजीला सुधारायला जाऊ नका.

आणि निबंधात बिनधास्त लिहा. ऑफिसच्या मेलमध्ये 'उद्या रामप्रहरी मीटिंग' असं मात्र नको, लोक खरंच पहाटे येऊन बसतील.