पेट्रोल-डिझेलवरचा कर घटत चालला तर रस्त्यांच्या देखभालीला पैसा कुठून आणायचा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की इंधनावरचा कर बुडणार, मग टोल वाढवायचा की नवा सेस लावायचा? मी इंजिनिअर नाही. पण वडील मैलकुली होते आणि घरात एक ऊस वाहतूकदार आहे, त्यामुळं या विषयावर आमच्याकडं जेवणाच्या ताटावर बरीच भांडणं झालीत.

आधी एक गोष्ट. रस्त्याचा पैसा इलेक्ट्रिक गाड्यांनी अजून बुडवलेला नाही, तो सरकारनंच कमी केलाय. मे २०२० मध्ये केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर पेट्रोल आणि डिझेल दोन्हीवर लिटरला १८ रुपये होता. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये दर उतरवले तेव्हा कात्री लागली ती याच उपकराला. राहिले पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर २ रुपये. आता हिशेब करा. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारा मोटारसायकलवाला किलोमीटरमागं १० पैसे देतो. लिटरला चार जाणारा ट्रक ५० पैसे देतो. पाचपट. आणि रस्ता किती पट खातो? अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून बघितलं होतं. ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं, दहापट झालं की दहा हजारपट. आपल्याकडं जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन, पण दर फेरीला नुकसान साठ टक्क्यांनी जास्त. हा जादा खर्च कुणाकडून घ्यायचा, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाचीवरून शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात, जाणारा जो वेंगुर्ला रस्ता आहे, त्याला आमचा फाटा मिळतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच पट्ट्यात मैलकुली. काम काय, तर साइडपट्टीचं गवत काढायचं, मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, खड्डा बशीएवढा असतानाच मुरूम टाकून चोपायचा, मैलाच्या दगडाला चुना लावायचा. मिरगाच्या आधी चर मारायचे. चर मारायची त्यांची एक पद्धत होती. तांब्यातून डांबरावर पाणी ओतायचे आणि ते कुठं वळतंय ते उकिडवं बसून बघायचे. जिथं पाणी कडेला येऊन घुटमळेल तिथं खोऱ्यानं साइडपट्टीत तिरका चर, वीतभर रुंद. माती उताराच्या अंगाला टाकायची, वरच्या अंगाला टाकली की पहिल्या पावसात चर बुजतो. लहानपणी तांब्या भरून द्यायचं काम माझ्याकडं असायचं.

ते रिटायर झाले आणि त्यांची जागा काही भरली नाही. पुढं रस्ता रुंद झाला, चांगलं डांबर पडलं, गावानं ठेकेदाराला हार घातला. साइडपट्टी मात्र वर्षावर्षाला चढत गेली. कुणी नांगरून शेतात घेतली, कुणी माती टाकून गाड्या लावायला जागा केली. नाल्याजवळ पाणी तुंबायला लागलं. तरी पहिली काही वर्षं रस्ता टिकला. मग उसाच्या ट्रॉल्या वाढल्या. आमच्याकडचा ऊस काही इकडच्या कारखान्यांना जातो, काही सीमेपलीकडं चंदगडच्या बाजूला. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर वीस-बावीस टन.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान याच धंद्यात. दाजी माणूस चांगला आहे, अडीनडीला धावून येणारा. पण एका पावसाळ्यात नाल्याजवळचा रस्ता असा काही उखडला की दूधवाल्याची गाडी कॅनसकट आडवी झाली. आप्पा सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर खोळ घेऊन खोरं खांद्यावर टाकून निघाले. मी मागून गेलो. भर पावसात ते चर मारत होते आणि शेजारच्या शेताचा मालक बांधावरून ओरडत होता, माझ्या भातात पाणी सोडू नका म्हणून. तेवढ्यात दाजींची गाडी आली. काच खाली करून म्हणाले, “मामा, तुमच्या खोऱ्यानं रस्ता टिकणार असता तर सरकारनं तुमची जागा भरली नसती काय?” आप्पा काही बोलले नाहीत. मी बोललो. त्या रात्री जेवताना पुन्हा तेच. मी म्हटलं, तुमच्या ट्रॉल्यांनी रस्ता गेला. दाजी म्हणाले, “मामांनाच विचारा की, रस्ता पाणी खातंय का चाक?” आणि आप्पा म्हणाले, “पाणी.” दाजी आजपर्यंत तेवढं एकच उत्तर धरून बसलेत.

अहो, पाणी खरंच आहे, पण पाणी आत शिरलं कुठनं? हंगामात ट्रॉल्यांनी कडा मोडायच्या, डांबराला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पाडायच्या. जूनमध्ये त्याच भेगांतून पाणी उतरतं, खालचा मुरूम लोण्यासारखा होतो, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा ट्रॉली. नुसत्या मोटारसायकली फिरल्या असत्या तर आप्पांच्या चरांवर तो रस्ता अजून उभा असता.

म्हणून माझं मत सरळ आहे. वजन आणि अंतर, या दोनच गोष्टींवर पैसे घ्या. हे काही जगावेगळं नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्या १९७० च्या दशकापासून किलोमीटरवर पैसे भरतात, गाडी जड तसा दर चढा. १ एप्रिल २०२४ पासून तिथं इलेक्ट्रिक गाड्यांनाही तो लागू झाला, हलक्या गाडीला हजार किलोमीटरला तिथले ७६ डॉलर. आपल्याकडं उलटं आहे. कर्नाटकात कार घेताना किमतीच्या १३ ते १८ टक्के लाइफटाइम टॅक्स एकदाच घेतात, मग ती गाडी पोर्चमध्ये उभी राहो नाहीतर दोन लाख किलोमीटर पळो. इलेक्ट्रिकला तोही माफ होता. २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के लावला. विम्याच्या नूतनीकरणाला मीटरचा आकडा घ्या आणि किलोमीटरवर थोडं थोडं घ्या, कुणी मरत नाही.

आणि जड वाहतुकीला तर यंत्रणाही नवी नको. कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे. दर खेपेची स्लिप निघते. त्यावर वजन असतं, ऊस कुठल्या गावचा ते असतं, वेळ असते. टन गुणिले किलोमीटर, हंगाम संपला की कारखान्यानं भरावं, आणि ते पैसे त्याच रस्त्यांना जावेत. खडी क्रशरला आणि वाळूच्या टिपरलाही हेच.

लिटरवरचा कर तर सीमेवर कधीच जुळत नाही. २०२१ च्या दिवाळीत कर्नाटकानं पेट्रोल-डिझेलवरचा कर सात-सात रुपयांनी उतरवला, महाराष्ट्रानं नाही. सीमेलगत कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्यांच्या रांगा लागल्या. टाकी इकडं भरायची, रस्ता तिकडचा झिजवायचा. आमच्या ट्रॉल्यांचंही तसंच, ऊस एका राज्यातला, काटा दुसऱ्यातला. जून २०२४ मध्ये इथं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला. त्यातला एक पैसाही रस्त्याला बांधलेला नव्हता. (सीमाप्रश्न मी इथं काढत नाही, नाहीतर उत्तर १९५६ पासून सुरू करावं लागेल.)

टोलचं म्हणाल तर हायवेला ठीक. हत्तरगीला, हिरेबागेवाडीला लोक कुरकुरत का होईना देतात. पण शहराच्या आणि गावच्या रस्त्यांवर टोल लावायचं स्वप्न बघू नका. कोल्हापुरात शहराच्या आतल्या रस्त्यांसाठी टोल लावला, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, आणि शेवटी टोल गुंडाळावा लागला.

यातलं सगळंच नवं आहे असंही नाही. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, ही शिफारस बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीनं १९२८ मध्येच केली होती. पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. १९२९ ला केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. २००० साली त्याचा कायदा झाला, २०१८ मध्ये नावात ‘पायाभूत सुविधा’ घुसल्या आणि रस्त्याच्या पैशाला इतर वाटेकरी आले. म्हणून नवा सेस लावाल तो देखभालीलाच बांधा. नवीन रस्त्याला आमदार नारळ फोडतो, फोटो येतो. साइडपट्टीच्या चराला कोण नारळ फोडणार? पंचवीस-तीस किलोमीटरला दोन माणसं कायमची ठेवली तर त्यांचा पगार एका पुन्हा-डांबरीकरणाच्या बिलापुढं किरकोळ आहे.

आता दाजींचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, कारखान्यावर लावलेला पैसा तोडणी-वाहतुकीच्या नावाखाली शेतकऱ्याच्याच बिलातून कापणार. कापतीलच. आजही ती कपात किती हे उसाचं बिल हातात पडल्यावर कळतं. त्यामुळं कायदा करताना हा पैसा एफआरपीतून (केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) किंवा तोडणी-वाहतुकीतून वळता करता येणार नाही असं स्पष्ट लिहावं लागेल, आणि ओव्हरलोड खेप काट्यावर सापडली तर दंड ट्रॅक्टरवाल्याला नाही, भरून घेणाऱ्याला. एवढं लिहिलं तर दाजी सही करायला तयार आहेत, असं ते गेल्या गणपतीत म्हणाले. चर कुणी मारायचे यावर मात्र अजून गाडी अडलेली आहे. त्यांचं म्हणणं पंचायतीनं, माझं म्हणणं पीडब्ल्यूडीनं.