बंदुकीची नळी लांब असली म्हणजे नेम अधिक अचूक लागतो का?

थेट तसे म्हणता येत नाही. नळीच्या लांबीचा पहिला परिणाम अचूकतेवर नव्हे, तर वेगावर होतो. पेटलेल्या दारूचा वायू गोळीला मुख्यतः ती नळीत असेपर्यंतच ढकलतो, त्यामुळे अमेरिकी सैन्याच्या 20 इंची नळीच्या एम-16 रायफलमधून सेकंदाला सुमारे 950 मीटर वेगाने सुटणारी 5.56 मिमीची गोळी 14.5 इंची एम-4 मधून सुमारे 900 मीटर वेगाने सुटते. आखूड नळीतून आवाज आणि ज्वाळाही अधिक निघतात.

लांब नळीमुळे वेगात होणारी ही वाढ अमर्याद मात्र नसते. पॉइंट 22 (0.22 इंच व्यासाच्या छोट्या गोळीच्या) काडतुसात दारू इतकी थोडी असते की साधारण 16 ते 18 इंचांनंतर वायूचा जोर ओसरतो आणि पुढे घर्षणच उरते. तरीही हेच काडतूस वापरणाऱ्या 50 मीटर नेमबाजीच्या रायफली (याच प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले) याहून लांब नळीच्या असतात, कारण तेथे प्रश्न पुढच्या आणि मागच्या साइटमधील (नेम धरताना एका रेषेत आणायच्या दोन खुणांमधील) अंतराचा असतो. हे अंतर 60 सेंटीमीटर असताना साइट जुळवण्यात 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 50 मीटरवर गोळी सुमारे 83 मिलिमीटर सरकते. 75 सेंटीमीटर असल्यास सुमारे 67. म्हणूनच काही नेमबाज नळीपुढे पोकळ जोडनळी बसवून पुढची साइट आणखी पुढे नेतात. दुर्बीण लावलेल्या रायफलीला हा फायदा लागू होत नाही. तेथे आखूड पण जाड, ताठ नळीही तितकीच अचूक ठरू शकते.