आप्पांचं नाव आईसमोर काढायचं की नाही?

परवा परत तोच प्रश्न आला, ह्यावेळी फोनवर. "बाबा गेल्यापासून आईसमोर आम्ही त्यांचा विषयच काढत नाही, बरोबर करतोय ना मॅडम?" बेळगावात, खानापूर भागात किती घरांतनं हा प्रश्न ऐकला असेल, म्हणून आज एक घर सांगते. त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वडगावचं घर. आप्पा उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर होते, सगळी नोकरी लेथवर. अॅटॅकनं गेले त्याला पाच महिने झालेले. आईला बाहेर बाकावर बसवून मुलगा आधी एकटाच आत आला, म्हणाला, "आई रोज सकाळी आप्पांचा चहा गाळून ठेवते, डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक, काहीतरी गोळी द्या." गोळ्या देणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं, मी समुपदेशक. मी विचारलं घरात आप्पांबद्दल कोण बोलतं? कोणीच नाही. हॉलमधला फोटो कपाटात ठेवलेला, गाडी विकलेली, आणि नऊ वर्षाच्या नातवाला ताकीद की आज्जीसमोर आज्जाचं नाव काढायचं नाही. त्या पोराचं रोज शाळेच्या वेळेला पोट दुखायचं, तपासण्या सगळ्या नॉर्मल.

मग आईंना आत घेतलं. मावशी, तो दुसरा कप कुणाचा, असं सरळच विचारलं.

"गेल्यात ते मला ठाव हाय की ओ," त्या म्हणाल्या. "माझी बोटं आखडत्यात म्हणून च्या तेच टाकायचे, पहिली पाळी असली तरी च्या टाकूनच जायाचे. एकदा चार दिवस दवाखान्यात होते, मला अंदाज येईना, तर घरी आल्या आल्या पातेल्याला आतनं कानस मारून खूण करून दिली. तितकं पाणी घातलं की दोन कपच होतंय. एक कपाची खूण कुठं हाय?"

एवढंच होतं ते. आणि मुलाला हे माहीतच नव्हतं, कारण पाच महिन्यांत आईला कुणी विचारलंच नव्हतं. नंतर तासभर त्या बोलत होत्या, पगाराच्या दिवशी न चुकता कुंदा मिठाई आणायचे, लेकीच्या बाळंतपणात रात्रपाळी करून येऊन सकाळी लंगोट धुवायचे, नातवाला सायकलवर पुढं बसवून दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचे, मराठी आणि कन्नड दोन्ही. रडल्या, मधेच हसल्याही. माझ्या मते आठवणीनं दुःख वाढतं हा समजच चुकीचा आहे, माणूस गेल्याचं दुःख असतंच, त्यात त्याचं नावही घरातनं गेलं तर बाई दुसऱ्यांदा एकटी पडते.

मावशींना अधूनमधून आप्पांच्या गाडीचा आवाज आल्यासारखा वाटायचा, म्हणून त्या घाबरलेल्या. त्यांना सांगितलं, १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलंय की जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखं, दिसल्यासारखं किंवा त्याचा आवाज आल्यासारखं जाणवायचं. वेड नाही ते.

काळजी कधी करायची तेही सांगते. जेवण-झोप पार तुटली, माणूस गेलाय हेच मनाला पटेना, जगण्यात काय अर्थ नाही अशी भाषा आली तर थांबू नका, १४४१६ ह्या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर चोवीस तास कधीही फोन करा, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला २०२२ पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियमावलीत वेगळं नाव आहे, पण तेही मोठ्यांच्या बाबतीत निदान १२ महिने उलटल्यावरच. पाच महिन्यांत चहा ठेवते म्हणून कुणी आजारी ठरत नाही.

मुलाला एवढंच म्हटलं, फोटो परत लावा आणि तुम्ही स्वतः एक आठवण सांगा. तो सांगायला लागला, की दहावीत नापास झालो तेव्हा आप्पा काही बोलले नाहीत, कारखान्यात नेलं, शेजारी स्टूल टाकून दिवसभर बसवलं आणि डबा अर्धा करून दिला. पुढं त्याला बोलता येईना. पाच महिन्यांत तो तेव्हा पहिल्यांदा रडला, आईला जपता जपता ह्याचंच राहून गेलेलं.

पोराचं पोट दुखायचं लगेच थांबलं नाही हो, दोन महिने गेले, पण आज्जाचं नाव घरात मोकळेपणानं निघायला लागल्यावर हळूहळू कमी झालं. भाद्रपदात म्हाळाच्या पानावर मावशींनी कुंदा वाढला, जाऊबाईंनी असं करत नाहीत म्हणून अडवलं तरी वाढलाच. आणि सकाळचा दुसरा कप आता मुलगा पितो, कामावर जायच्या आधी आईजवळ बसून. पाणी अजून त्या खुणेपर्यंतच घालतात.